दिलेली विधाने सत्य मानावीत

२ फेब्रुवारी
निर्णय झाला. वकील व्हायचे. वय एक्केचाळीस, पण कायद्याला वयाचे वावडे नाही, चौकशी केली. पदवी आहे, आवाज आहे, वाचन आहे, चीड आहे. वकिलाला आणखी काय लागते?

बायकोला सांगितले तेव्हा ती डबा भरत होती. म्हणाली, त्याला प्रवेश परीक्षा असते ना. असते. भाषा, सामान्यज्ञान, कायद्याचे प्राथमिक ज्ञान आणि लॉजिक. पहिल्या तिन्हींचा प्रश्नच नाही. राहिले लॉजिक, म्हणजे तर्क. ज्याने आयुष्यभर सभा गाजवल्या त्याने तर्क शिकायचा म्हणजे माशाने पोहण्याचा क्लास लावायचा.

बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. रक्त काढते. कमी बोलते. सुई हातात असली की भाषणाची गरज पडत नाही.

३ फेब्रुवारी
नोकरी कशी सुटली ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे मनात स्वच्छ राहील.

लिफ्ट कंपनीच्या तक्रार कक्षात मी फोन घेत असे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने फोन केला की आम्ही त्याला आधी संगीत ऐकवायचो. हा माणुसकीचा अपमान आहे, असे मी मॅनेजरच्या केबिनमध्ये उभा राहून सांगितले, आणि हे थांबत नसेल तर हा घ्या राजीनामा म्हणून कागद टेबलावर ठेवला. भाषण मध्यावर असताना त्याने सही केली. शेवट ऐकलाच नाही. शेवट फार चांगला होता.

५ फेब्रुवारी
मेहुणा येऊन गेला. बायकोचा थोरला भाऊ. बाथरूमच्या सामानाचे मोठे दुकान आहे: नळ, शॉवर, कमोड. मी त्याला मनात नळसम्राट म्हणतो.

सोफ्यावर पसरून म्हणाला, जावईबापू, परीक्षा द्या, अगदी जरूर द्या. निकाल लागेपर्यंत काउंटरची जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. कॉलेज मिळालं तर पेढा मी देतो, नाही मिळालं तर या. फक्त बिलं करायची. गिऱ्हाइकाशी मी बोलतो, तुम्ही नाही बोलायचं.

बायको म्हणाली, दादा, चहा घे. तिचा आवाज मला जरा मोकळा झाल्यासारखा वाटला. तीन महिने ती रविवारचीही ड्यूटी घेते आहे. तिला वाटत असेल दुकानाचा आधार झाला. मला काय वाटले ते मी सांगितले नाही. एकीकडे न्यायालय, एकीकडे कमोड. मधले काही नाही.

८ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून लॉजिक. पुस्तक उघडले. पहिलाच प्रश्न: सर्व वकील झाडे आहेत. काही झाडे दगड आहेत. निष्कर्ष: काही वकील दगड आहेत. हा निष्कर्ष निघतो की नाही?

वर ठळक अक्षरांत सूचना. दिलेली विधाने सत्य मानावीत, ती वस्तुस्थितीशी विसंगत असली तरी.

पुस्तक मिटले. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. धडधडीत खोटे आहे ते खरे माना, आणि हे सांगतेय कोण, तर कायद्याचे कॉलेज. जगातल्या प्रत्येक जुलमी राज्यकर्त्याने प्रजेला एवढीच एक सूचना दिलेली आहे.

समासात लिहिले: वकील झाड नसतो. बाकी काही वकील दगड असतात हे अनुभवाने मान्य. खूण: निष्कर्ष निघतो.

दुपारी
उत्तर चुकले. पुस्तक स्वस्तातले आहे.

११ फेब्रुवारी
बायकोने परस्पर भाचीला शिकवायला बोलावले. भाची म्हणजे नळसम्राटाची मुलगी. अठरा वर्षांची, बारावीनंतरच्या कोर्ससाठी, पण हीच परीक्षा देते आहे. पेन्सिल कानामागे, केस वर बांधलेले, बोलणे बापासारखे मोजकेच पण बापापेक्षा बरे.

म्हणाली, काका, वकील झाड असतो का, हे त्यांनी विचारलंच नाहीये. मी म्हणालो, कोणीतरी विचारायला नको का? ती म्हणाली, पेपर दीड तासाचा आहे काका, त्यात नको.

मग तिने गोल काढून दाखवले. एक वकिलांचा गोल, तो झाडांच्या गोलाच्या आत, आणि दगडांचा गोल झाडांच्या गोलात एका कडेने शिरलेला. दगड वकिलांपर्यंत पोचतीलच असे नाही, म्हणाली. मी त्या गोलांकडे पाहत राहिलो. इतक्या लहान वयात इतका थंडपणा बरा नव्हे.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून अभ्यास.

१२ फेब्रुवारी
पहाटे मेंदू ताजा असतो हा गैरसमज आहे. साडेआठ ही वेळ मला जास्त अनुकूल.

१९ फेब्रुवारी
बैठकीचे प्रश्न. सहा जण गोल टेबलाभोवती बसले आहेत. डॉक्टर इंजिनिअरच्या शेजारी बसत नाही. शिक्षक नर्सच्या समोर आहे. तर माळ्याच्या डावीकडे कोण?

विचारले, डॉक्टर इंजिनिअरच्या शेजारी का बसत नाही? भाची म्हणाली, नाही बसत. मी म्हणालो, काहीतरी घडले असणार. ती म्हणाली, घडलं असेल काका, पण आपण माळ्याकडे बघू.

माळ्याला कोणी काही विचारतच नाही, हे माझ्या लक्षात आले. सगळ्यांच्या मध्ये बसून त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. मी त्याला नर्स आणि शिक्षकाच्या मधोमध मानाची जागा दिली. उत्तर चूक, पण रात्री शांत झोप लागली.

४ मार्च
पहिली सराव परीक्षा. भाषेत जवळजवळ पैकीच्या पैकी. सामान्यज्ञानात उत्तम. लॉजिकमध्ये शून्याच्या खाली. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. म्हणजे मी काहीच केले नसते, नुसता बसून राहिलो असतो, तर पुढे असतो. ही परीक्षा आळशी माणसाला बक्षीस देते.

लॉजिकला वेगळे किमान गुण आहेत. तेवढे मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरतच नाहीत. हे आज कळले. माहितीपत्रकात पहिल्या पानावर होते, पण पहिली पाने मी सोडतो. प्रस्तावना असते.

कारणे: खुर्ची डुगडुगत होती. शेजारचा मुलगा सारखा नाक ओढत होता.

१३ मार्च
आज खडाजंगी. उतारा असा: वाचनालये सुट्टीच्या दिवशी उघडी ठेवावीत, कारण कष्टकरी माणसाला वाचायला तोच एक दिवस मिळतो. सुंदर उतारा. मी उभा राहून मोठ्याने वाचला. दोन ठिकाणी आवाज चढवला. वरच्या मजल्यावर कोणीतरी जमिनीवर पाय आपटले, ती दाद होती असे मी धरतो.

खाली प्रश्न: पुढीलपैकी कोणता पर्याय हा युक्तिवाद दुबळा करतो?

दुबळा! मी पेन खाली ठेवले. ज्या म्हणण्यासाठी मी उद्या रस्त्यावर उतरेन त्याच्या पाठीत मीच सुरा खुपसू? त्याला बळ देणारा पर्याय शोधला आणि त्यावर ठसठशीत खूण केली.

भाची म्हणाली, काका, समोरचा वकील उद्या काय बोलेल हे आधी कळायला नको का तुम्हाला? मी म्हणालो, माझा अशील खराच असेल. ती म्हणाली, सगळ्यांचेच असतात. मग बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसली. टोक आधीपासून होते.

२ एप्रिल
दुसरी सराव परीक्षा. वरीलप्रमाणे.

३ एप्रिल
बायकोला म्हणालो, या लॉजिकला हृदय नाही. ती पाय गरम पाण्यात घालून बसली होती. म्हणाली, रक्ताच्या रिपोर्टलाही नसतं. मग डोळे मिटले. मला वाटले पुढे बोलेल, पण झोप लागली होती तिला. पाणी गार झाल्यावर मी उठवले.

उद्यापासून खरोखर.

९ एप्रिल
भाचीने माझ्या सगळ्या उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या आणि एकेक पुन्हा तपासली. नंतर म्हणाली, काका, कोणी डोळे मिटून खुणा केल्या तरी चारातलं एखादं बरोबर येतं. तुमचं एकही नाही. चुकूनसुद्धा नाही. याला पक्का विचार लागतो.

आभार मानले. इतक्या दिवसांत पहिले कौतुक.

ती म्हणाली, तसं नाही म्हणत मी. तुम्हाला जो पर्याय वाचून टाळी द्यावीशी वाटते ना, तो सोडून द्यायचा. आणि ज्याचा राग येतो त्याच्याकडे दोन मिनिटं बघायचं. बघू तरी काय होतं ते.

मी म्हणालो, म्हणजे मनाविरुद्ध? ती म्हणाली, हो, मनाविरुद्धच.

१४ एप्रिल, संध्याकाळी
भाचीने घरीच एक पेपर सोडवायला दिला. पद्धत वापरली. प्रत्येक प्रश्नात जे भ्याड, कोते, हिशेबी वाटले त्यावर खूण केली. माळ्याला दरवाज्याजवळ नेऊन बसवले. वाचनालयांच्या विरुद्ध मत दिले.

लॉजिकमध्ये भाचीपेक्षा थोडेसेच कमी. किमान गुणांच्या कितीतरी वर.

भाची आनंदाने ओरडली. बायको आतून हात पुसत आली, गुणांचा कागद हातात घेऊन उभ्या उभ्या वाचला आणि हसली. तिला असे हसताना शेवटचे कधी पाहिले ते आठवावे लागले.

मी मात्र खिन्न. बरोबर येण्यासाठी माणसाला इतके खाली उतरावे लागते.

१५ एप्रिल
खिन्नता गेली. नीट विचार केला. ही शरणागती नाही, डावपेच आहे. सेनापतीसुद्धा किल्ल्यात शिरताना मान वाकवतो, दार बुटके असते म्हणून. एकदा आत गेलो की ताठ.

२७ एप्रिल
तिसऱ्या सराव परीक्षेत लॉजिकमध्ये भाचीच्या पुढे. आता शंका उरलेली नाही. कोट शिवायला टाकावा का? बायको म्हणाली, निकाल लागू द्या.

४ मे
नळसम्राटाकडे जेवायला. विषय त्यानेच काढला. काउंटरला माणूस लागतोय हो, सीझन सुरू झालाय, म्हणाला. मी चमचा ठेवला आणि मन मोकळे केले.

नळाच्या धंद्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, पण माणसाचा जन्म पाणी सोडायला आणि बंद करायला झालेला नाही, इथून सुरुवात केली. ज्याच्या जिभेवर न्याय आहे त्याने बिले करायची म्हणजे तलवारीने कांदा चिरायचा, हे मध्ये घेतले. उपाशी राहीन, पण त्या काउंटरमागे माझी सावलीही दिसणार नाही, हा शेवट. या वेळी शेवटापर्यंत कोणी अडवले नाही.

मेहुणा एक शब्द बोलला नाही. शांतपणे जेवत राहिला. त्याला पटले होते. भाची ताटाकडे बघत होती, भारावली असावी.

घरी येताना बायको म्हणाली, दादाला एवढं बोलायला नको होतं. मी म्हणालो, त्याने एका तरी मुद्द्याला हरकत घेतली का? ती म्हणाली, नाही घेतली. मग घरापर्यंत तीही काही बोलली नाही. पटल्यावर माणसे गप्पच होतात.

१० मे, सकाळी ७
आज परीक्षा. पेन तीन. डोके थंड. टाळी आली की सोडायचे, राग आला की थांबायचे.

१० मे, संध्याकाळी
भाषा छान. सामान्यज्ञान छान. कायदा छान. लॉजिकचे वकील, झाडे, दगड, सगळ्यांना निर्विकारपणे गोलात टाकले. बैठकीच्या प्रश्नात एक शिंपी होता, त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही.

मग उतारे. त्यांवर गुणांचा मोठा गठ्ठा. पहिलाच उतारा:

एका कर्मचाऱ्याने तत्त्वासाठी राजीनामा दिला. कंपनीने तो लगेच स्वीकारला. यावरून कंपनीला तो माणूस नकोच होता असे दिसते. पुढीलपैकी कोणता पर्याय हा युक्तिवाद सर्वाधिक दुबळा करतो?

पर्याय वाचले. तिसरा: राजीनामा स्वीकारल्यानंतर कंपनीने त्याला दोनदा परत बोलावले.

टाळी द्यावीशी वाटली नाही. रागही आला नाही. पद्धतीत याला उत्तर नव्हते.

तिसराच बरोबर असणार हे मला कळत होते. इतके दिवस शिकलो, तेवढे कळते. पेन तिथपर्यंत नेले. पण असे काही झालेले नाही. मला माहीत आहे. मी पहिले दोन महिने फोन खिशात ठेवून झोपत होतो. आंघोळीला जाताना तो बायकोच्या हातात देत होतो. वर सूचना होती, दिलेली विधाने सत्य मानावीत. मी प्रयत्न केला.

करकरणाऱ्या चपला घालून फिरणाऱ्या पर्यवेक्षक बाई दोनदा जवळ येऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा म्हणाल्या, सर, पुढे चला, पंधरा मिनिटं राहिलीत. मी म्हणालो, हो. पुढे बरेच उतारे होते. पान उलटले, पण डोळ्यांपुढे तोच.

बाहेर भाची उभी होती. म्हणाली, काका, लॉजिक सोपं होतं ना? मी म्हणालो, वेळ कमी दिला. हे खरे आहे. वेळ सगळ्यांनाच कमी दिला.

११ मे
किमान गुण होतील. आधीचे सगळे बरोबर धरले तर होतात.

१२ मे
एखादे चुकले असले तरी होतात.

२० मे
परीक्षा मंडळाला सुचवावे असे वाटते की खाजगी विषयांवरचे उतारे टाळावेत. मसुदा केला. पाठवला नाही. निकालाआधी बरे दिसत नाही.

१ जून, सकाळी ११
निकाल. भाषेत पहिल्या काही जणांत. लॉजिक: किमान गुणांच्या खाली, थोडक्यात. पुढे एकच शब्द, अपात्र.

भाचीला सीट मिळाली.

१ जून, संध्याकाळी
भाची घरी आली. तिच्या यशाचे अभिनंदन केले, चार शब्द बोललो, चारच. तिने पेन्सिल काढली आणि म्हणाली, काका, कुठला प्रश्न अडला ते सांगा, पुढच्या वर्षी बघू ना आपण. मी म्हणालो, आठवत नाही. ती जाताना आत्याच्या गळ्यात पडून रडली. पास झालेल्या मुलीने का रडावे?

बायको म्हणाली, उद्या दादाकडे जाऊन या. मी म्हणालो, जाईन. 

३ जून
काल गेलो नाही. आज गेलो. रस्त्यात वाक्ये जुळवली: परिस्थितीने नमवले तरी माणूस हरत नाही, इत्यादी.

दुकानात शॉवरखाली उभा राहून मेहुणा एका जोडप्याला टाइल्स दाखवत होता. काउंटरमागे एक तरुणी बसलेली. झरझर बिले करत होती. मेहुण्याने मला स्टुलावर बसवले, पाणी दिले. माझी पहिली दोनच वाक्ये झाली असतील, तोच म्हणाला, अहो, मी तिला मेमध्येच घेतली. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी. तुम्ही इतकं छान समजावून सांगितलंत, मला एकदम पटलं.

चिडून म्हणाला असता तर मला उत्तर देता आले असते. तो अगदी मनापासून बोलत होता.

आयुष्यात एक भाषण शेवटापर्यंत झाले, आणि एका माणसाला पटले.

जाताना त्याने बळेच एक शॉवर हातात दिला. घरचा गळतोय ना, म्हणाला.

६ जून
शॉवर बसवता आला नाही. आटे जुळत नाहीत.

९ जून
बायको ड्यूटीवरून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, लॅबबाहेर टोकन पुकारायचं मशीन बंद पडलंय. माणसं एकमेकांच्या अंगावर येतात. तात्पुरतं कोणी मिळतं का बघताहेत. मी तुमचं नाव सांगितलं. म्हटलं, आवाज चांगला आहे.

वीस वर्षांच्या संसारात माझ्या आवाजाबद्दल तिने काही म्हटल्याचे स्मरणात नाही. होकार दिला. जनतेशी थेट संपर्क, हातात माइक. हीही सुरुवात असू शकते.

११ जून
पहिला दिवस. बायकोने सांगितले, नंबर म्हणायचा, मग खिडकी. बाकी काही नाही.

काचेजवळ खुर्ची. समोर बाकांवर गर्दी, बाह्या वर केलेली, उपाशीपोटी आलेली माणसे. माइक हातात घेतला. म्हणालो, मित्रहो. काचेपलीकडून बायकोने पाहिले. म्हणालो, सत्तावीस, खिडकी दोन.

एक बाई उठल्या आणि खिडकी दोनकडे गेल्या.

अठ्ठावीस, खिडकी एक. एक गृहस्थ उठले. कोणी शंका काढली नाही, कोणी घड्याळ पाहिले नाही. पंचेचाळीसपर्यंत आवाज चांगला लागला होता. पन्नाशीत थोडा चढ-उतार आणला. लोक वर बघू लागले.

जेवणाची सुट्टी संपता संपता मशीनवाला आला. झाकण उघडले, आत बघितले, म्हणाला, वायर सैल होती. झाकण लावले. मशीनमधून एक गोड आवाज आला, एकसष्ट, खिडकी दोन. एकसष्ट नंबरवाला उठला.

बायको बाहेर आली. म्हणाली, थांबा, चारला माझी ड्यूटी संपेल, बरोबर जाऊ. मी बाकावर जाऊन बसलो.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. ऐकू कमी येत होते, मशीनने त्यांचा नंबर दोनदा पुकारला तरी हलले नाहीत. मी त्यांच्या हातातले टोकन पाहिले, दंडाला धरून खिडकीपर्यंत नेले. खिडकीशी त्यांनी वळून विचारले, तुम्ही इथेच कामाला का?

मी म्हणालो, नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले, पुढे काही सांगेन म्हणून. पुढे काही सुचले नाही.